डोळ्यांना काही वाटलं तर सांगा

माझ्या कचेरीत येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "बाई, मला डॉक्टरांवर केस करायची नाहीये."

"बरं. मग बसा," मी म्हणायची. ज्याला खरोखरच करायची नसते, तो मंडईमागच्या गल्लीतला आमचा अरुंद जिना, खालच्या मिरचीच्या दुकानाचा खकाणा नाकात घेत, चढून वर येत नाही. वर आल्यावर आधी शिंका, मग पाणी, मग हे वाक्य, आणि मग मांडीवरच्या पिशवीतून औषधं बाहेर. कुणी ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आणायचे, कुणी रुमालात गाठ मारून. आता मी धायरीला मुलाकडे राहते. लिफ्ट आहे, खकाणा नाही, शिंका नाहीत. आणि खरं सांगायचं तर करमतही नाही.

मी ग्राहकांच्या तक्रारींची वकिली केली. बिघडलेले फ्रीज आणि पळालेले बिल्डर सगळ्याच वकिलांकडे असायचे. माझ्याकडे मात्र हळूहळू एका जातीची माणसं जास्त यायला लागली: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधानेच ज्यांना इजा झाली, अशी. एका केसची बातमी दुसऱ्याच्या कानावर गेली, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. पुण्यात जाहिरात लागत नाही, शेजार लागतो. घरात माझं नाव 'गोळीवकील' पडलं ते शेवटपर्यंत.

बाहेरच्यांना वाटतं, औषध बाधलं म्हणजे कुणीतरी गुन्हेगार असलाच पाहिजे. तसं नसतं. कुणालाच कधी बाधत नाही, असं औषध अजून निघालेलं नाही. कायदा त्यापुढचं विचारतो. हे बाधू शकतं हे कुणाला माहीत होतं, त्याने ते कुणाला सांगितलं, आणि बाधायला लागल्यावर काय केलं? कंपनीला विचारायचं की गोळी मुळातच सदोष होती का, धोका लपवला का. पण चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाची सूचना कंपनीने डॉक्टरांना नीट दिली असेल, तर ती बहुतेक वेळा सुटते. मेडिकलवाल्याला विचारायचं की लिहिलं तेच दिलंस का, चिठ्ठीशिवाय दिलंस का. आणि डॉक्टरांना विचारायचं की पेशंटला समजेल असं सांगितलंत का, मधून मधून तपासलंत का. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशीर झाला तर त्याचं कारण पटवावं लागतं. जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट मिळतात त्या सरकारी दवाखान्यातला पेशंट सहसा ग्राहक ठरत नाही, त्याला दुसरीकडे दाद मागावी लागते. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार केली तर त्यांच्या परवान्याचा विचार होतो, तुमच्या भरपाईचा नाही. शिवाय औषधाचा दुष्परिणाम सरकारदरबारी नोंदवण्याची सोय आहे, तो पेशंटलाही कळवता येतो. हे सांगितलं की लोक विचारायचे, "त्याने मला काय मिळणार?"

"तुम्हाला काही नाही. पुढच्याला मिळेल."

"मग राहू द्या."

एका बाईंनी अंगावर चट्टे उठवणाऱ्या गोळ्या, पाकिटासकट, कालव्यात सोडून दिल्या होत्या. "अवदसा घरात कशाला ठेवायची?" म्हणाल्या. पुरावा वाहून गेला, पण घर शुद्ध झालं. आणि पेठेतले एक निवृत्त शिक्षक आले होते, ओठ सुजलेले, आवाज मात्र वर्गातला.

"चिठ्ठी कुणाची?" मी विचारलं.

"शेजारच्या लेलेबाईंची."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाहीत. पण त्यांना गुण आला होता."

लेलेबाईंवर तक्रार होत नाही, हे त्यांना पटवायला माझी अख्खी दुपार गेली.

पण आज लिहायचं आहे ते यूसुफभाईंबद्दल. नाव बदललं आहे. डॉक्टरांना तर मी नुसतं डॉक्टरच म्हणणार. नाव लिहिलं तर अर्ध्या पेठेचे फोन येतील. लिहू का, म्हणून दोघांना विचारलं. यूसुफभाई म्हणाले, "लिहा ना." डॉक्टर म्हणाले, "लिहा, पण तुमचं नेहमीचं पाल्हाळ नको."

लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात मॅचिंग सेंटर आहे. साडीवर ब्लाउजचं कापड जुळवून देणारं दुकान म्हणजे काय, हे पुण्याच्या बाईला सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. साडी घेऊन जायचं, काउंटरवर पदर पसरायचा, आणि समोरचा माणूस पाठीमागच्या शेकडो घड्यांमधून नेमकी एक ओढतो. तो माणूस म्हणजे यूसुफभाई. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, आणि आयुष्य पेठेतल्या बायकांशी बोलण्यात गेल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा नेटकं. आमसुली, अबोली, गुलबक्षी, कुसुंबी, शेवाळी, मोरपंखी हे रंग मी आईकडून ऐकले, पण ओळखायला त्यांच्याकडून शिकले. हल्ली सून मला सांगते, "आई, हा टील आहे." असेल बाई.

यूसुफभाईंची एक रीत होती. कापड काढलं की ते तिथेच द्यायचे नाहीत. साडी आणि कापड दोन्ही उचलून दुकानाच्या पायरीवर यायचे, उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "दिव्याचं ऐकू नका ताई. उजेडात बघा." दुकानातला दिवा खोटं बोलतो, हा त्या धंद्यातला पहिला धडा. माझ्या बहिणीच्या लग्नातले सगळे ब्लाउज त्या पायरीवर पसंत झालेले आहेत.

त्यांच्या मानेला गाठ आली. तपासणीत क्षयाची निघाली. औषधं सुरू केली ती पेठेतल्याच डॉक्टरांनी. यूसुफभाईंच्या मुली त्यांच्याच हातावर जन्मलेल्या, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलेलं, आणि डॉक्टरांच्या पत्नीचे ब्लाउज यूसुफभाईंनी जुळवलेले. असा दोन्हीकडून घरोबा. औषधाने गाठ विरघळली. औषध वाईट नव्हतं, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. पण त्यातली एक गोळी क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेवर जाते. आधी रंग फिके होतात, विशेषतः लाल आणि हिरवा. तेव्हाच थांबवली तर नजर बहुधा परत येते.

औषध सुरू करताना डॉक्टर एक वाक्य बोलले होते. "डोळ्यांना काही वाटलं तर सांगा."

यूसुफभाई रोज आरशात डोळे बघत होते. लाल नाहीत, पाणी नाही, दुखत नाहीत. म्हणजे काही वाटत नाही. रंग फिके दिसायला लागले, ते त्याच सुमाराला दुकानात शेठनी नवे पांढरे दिवे लावले म्हणून, अशी त्यांची खात्री झाली. जन्मभर दिव्यावर संशय घेतलेला माणूस डोळ्यावर कसा घेणार? ते कापड घेऊन पुन्हा पुन्हा पायरीवर जायला लागले. मग एक दिवस उन्हातही रंग फिकेच दिसले, तेव्हा म्हणाले, हल्ली हवाच खराब झाली आहे.

बायका कापडं परत आणायला लागल्या. चॉकलेटीवर मेंदी, डाळिंबीवर भलताच तपकिरी. पहिल्यांदा हसण्यावारी गेलं. नंतर शेठ गिऱ्हाइकांसमोर बोलले, "यूसुफभाई, लक्ष कुठे असतं तुमचं? जमत नसेल तर घरी बसा." यूसुफभाई दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. पुतणीने हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे ठिपक्यांमधला आकडा वाचायला सांगितला. यूसुफभाईंना ठिपके दिसले, आकडा दिसला नाही. गोळी त्याच दिवशी बंद झाली. पुढे वाचण्याइतकी नजर परत आली. रंग आले नाहीत.

माझ्याकडे आले ते पत्नी रझियाभाभींना घेऊन. शिंका, पाणी, आणि ते वाक्य.

"केस नाही करायची, मग काय हवंय?" मी विचारलं.

"बाई, शेठला वाटतं मी कामचुकार झालो. बोळात सगळ्यांना तेच वाटतं. माझं लक्ष कधी ढळलं नाही हो. डोळा फसला. तो का फसला, हे डॉक्टरांनी एकदा चारचौघांत सांगावं. मी सांगितलं तर सबब वाटते."

"आणि भरपाई?"

"ती घ्या ना," रझियाभाभी म्हणाल्या. "ह्यांचं ऐकत बसू नका."

मी समजावलं की ग्राहक आयोग भरपाई देऊ शकतो, 'चारचौघांत सांगा' असा हुकूम सहसा देत नाही. पण तिथे पोचायला वाट एकच, तक्रारीची. त्याआधी नोटीस. यूसुफभाईंनी मान डोलावली, नोटिशीचं पाकीट घेतलं आणि म्हणाले, पोस्ट माझ्या वाटेवरच आहे, मी रजिस्टर करतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "वकीलबाई, मी डॉक्टर बोलतोय. आपली नोटीस मिळाली. आपले अशील स्वतः घेऊन आले होते."

मी कपाळाला हात लावला.

"हातात पाकीट, दुसऱ्या हातात शीरखुर्म्याचा डबा. मी वाचेपर्यंत समोर बसून होते. रंग बरा दिसेना म्हणून मी बीपी बघितलं. बरंच वाढलंय. गोळी दिली आहे, तिचे दुष्परिणामही या खेपेला सविस्तर सांगितले आहेत. पुढची नोटीस कृपया पोस्टाने पाठवा, आणि तुमचा तो जिना त्यांना काही दिवस चढवू नका." फोन बंद.

मी यूसुफभाईंना झापलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, इतका जुना घरोबा. लग्नाची पत्रिकासुद्धा आपण हातानं देतो. हे तर भांडण. ते काय पोस्टाने पाठवायचं?"



नोटिशीला उत्तर मात्र पोस्टाने आलं, डॉक्टरांच्या विमा कंपनीच्या वकिलाचं. डॉक्टर अशा दाव्यांसाठी विमा उतरवतात, आणि त्या विम्याची एक अट असते: आमच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही. उत्तर ठरावीक साच्यातलं होतं. रुग्णास सर्व सूचना तोंडी देण्यात आल्या होत्या. रुग्णाने त्याकडे दुर्लक्ष केले. मी हे वाचून दाखवलं तेव्हा यूसुफभाईंनी 'दुर्लक्ष' हा शब्द परत वाचायला लावला. शेठ बोलले होते तेच हे.

"डॉक्टर असं बोलणार नाहीत," ते म्हणाले.

"डॉक्टर बोललेच नाहीत. त्यांच्या वतीने वकील बोलले."

"मग डॉक्टरांना कधी बोलू देणार तुम्ही लोक?"

तक्रार दाखल झाली. तारखा पडत गेल्या. आयोगाच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर बाकांवर बसायचे आणि मध्ये आम्ही दोन वकील. डॉक्टरांचे वकील त्यांना बोलू द्यायचे नाहीत, आणि रीतीप्रमाणे मीही यूसुफभाईंना अडवायची. यूसुफभाई खोकला झाला तरी स्वारगेटच्या कुणा नव्या डॉक्टरकडे जाऊन रांगेत बसायला लागले. ईदला शीरखुर्मा गेला नाही. आमच्या कायद्याने एका माणसाच्या इजेची भरपाई ठरवायला घेतली होती आणि त्या नादात त्याचा डॉक्टर काढून घेतला होता, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं.

केस अवघड होती. 'डोळ्यांना काही वाटलं तर सांगा' ही सूचना झाली की नाही? समोरचे वकील म्हणणार, झाली. मी म्हणणार, समजेल अशी झाली नाही. मधल्या काळात डोळे तपासले नाहीत हा मुद्दा माझ्या बाजूचा होता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी कारण कागदावर लिहून दिलं होतं हे त्याहून मोठं. एरवी एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर लिहून देत नाही. कदाचित जिंकलो असतो. पण जिंकूनही हाती आला असता तो निकाल, आणि बोळात निकाल कोण वाचतं?

नव्या कायद्यात मध्यस्थीची सोय आहे. दोन्ही बाजू कबूल असतील तर एका खोलीत मध्यस्थासमोर बसायचं, आणि तिथे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे त्या खोलीत डॉक्टरांना तोंड उघडायला विम्याचीही आडकाठी उरत नव्हती. मी मध्यस्थी मागितली. विम्याच्या वकिलांनी खूप आढेवेढे घेतले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं म्हणे, "मी जाणार आहे. तुम्ही येताय की फक्त बिल पाठवताय?"

खोलीत निवृत्त न्यायाधीशबाई मध्यस्थ होत्या. त्यांनी प्रस्तावना सुरू केली, तेवढ्यात डॉक्टर यूसुफभाईंकडे वळले.

"यूसुफभाई, माझ्या घरातला प्रत्येक रंग तुम्ही जुळवलाय. तुमचं काम काय आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी 'डोळ्यांना काही वाटलं तर' म्हणालो. रंग कसे दिसतात, हे दर वेळी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तुम्ही दुर्लक्ष केलं नाहीत, मी केलं."

विम्याचे वकील खिडकीबाहेर बघत होते. यूसुफभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "डॉक्टर, खोकला जात नाहीये हो माझा," एवढंच म्हणाले.

रक्कम ठरायला मग वेळ लागला नाही. रझियाभाभी घासाघीस करण्यात माझ्या वरचढ निघाल्या. पण निघताना यूसुफभाईंनी मला बाजूला घेतलं. "म्हणजे हे इथलं इथेच राहणार?"

"नियम तसा आहे."

"मग शेठला कोण सांगणार?"

डॉक्टर दाराशी चपला घालत होते. त्यांनी ऐकलं होतं.

पुढचं मला शेठनीच सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर, दुकानात मुंगीला शिरायला जागा नसताना डॉक्टर आले, पत्नीची साडी काउंटरवर टाकली आणि म्हणाले, यूसुफभाईंना बोलवा. शेठ म्हणाले, ते आता नसतात. तेव्हा डॉक्टर वर्गात बोलावं तसं बोलले. "ते नसतात कारण मी दिलेल्या औषधाने त्यांचे रंग गेले. काम करताना त्यांचं लक्ष कधीच ढळलं नव्हतं. हे मी त्यांना विचारून सांगतोय. आता बोलवा." मध्यस्थीत काय बोललं गेलं ते बाहेर सांगू नये, असा नियम आहे. डॉक्टरने पेशंटच्या परवानगीने स्वतःबद्दल खरं बोलू नये, असा नियम मला तरी माहीत नाही. विम्याच्या वकिलांनाही सापडला नसावा.

शेठ त्याच संध्याकाळी यूसुफभाईंच्या घरी गेले.

गेल्या महिन्यात नातीच्या बारशासाठी मी तिथे गेले होते. यूसुफभाई काउंटरमागे होते. त्यांना आता रंग दिसत नाही, पण कुठल्या कप्प्यात कुठला रंग आहे हे बोटांना पाठ आहे. रंग कुणीतरी सांगायचा, मग घडी ते काढतात. आणि काउंटरच्या कडेला स्टुलावर डॉक्टर बसले होते. दवाखाना त्यांच्या मुलीने घेतल्यापासून बऱ्याच दुपारी ते इथेच असतात, असं शेठ म्हणाले. दवाखान्यात ती गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला मुलगी आता रंग विचारते. त्यासाठी रंगीत दोऱ्याच्या रिळांची पेटी यूसुफभाईंनीच भरून दिली आहे.

मी आणलेल्या साडीचा पदर पसरला. यूसुफभाई म्हणाले, "डॉक्टर, बाईंचा रंग कुठला?"

"लाल."

"कसला लाल?"

"अहो, लाल म्हणजे लाल."

काउंटरवरच्या दोन मुली हसल्या. डॉक्टर उठले, साडीचा पदर धरून मला जवळजवळ ओढतच पायरीवर घेऊन गेले आणि उन्हात चष्मा वर-खाली करत बघत राहिले. "कुसुंबी नाही. डाळिंबी."

"खात्री आहे?" मी विचारलं.

"वकीलबाई, लेखी देणार नाही."

"लेखी नको डॉक्टर," आतून यूसुफभाई म्हणाले. "तुम्ही तोंडी सांगितलंत, मला पुरे." आणि न बघता मागे हात घालून त्यांनी एक घडी काढली. मी ती पायरीवर आणून साडीला लावली. डाळिंबी होती.